शेवटच्या दोन गाड्या

बेकरीवालीचा फोन आला तेव्हा चकाचक दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, गाडी उघडलीय, पण स्क्रीन काळीच आहे. यांना मागच्या सीटवर निजवलंय. काय करू?"

"काही करू नका. कशाला हात लावू नका. आलोच."

आतून बायकोने विचारलं, "कोण आजारी, माणूस की गाडी?"

"गाडी."

"मग पळा. माणसासाठी एवढी घाई कधी केली नाहीत."

टॉवेलने तोंड पुसत तो निघाला. बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. मागच्या अंगणात गाडी उभी होती, आणि बेकरीवाली स्टिअरिंग घट्ट धरून आत बसली होती, जणू सोडलं तर तेवढंही निसटेल. मागच्या सीटवर तिचा नवरा शाल गुंडाळून आडवा. एके काळी पिठाचं पोतं एका खांद्यावर टाकून हसत चालणारा हा माणूस आता त्या शालीतही पुरता भरत नव्हता. आठवड्यातून तीनदा त्याला घाट ओलांडून पलीकडच्या शहरात न्यावं लागे. तिथे मशीनला जोडून त्याचं रक्त धुऊन काढत, कारण त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले होते.

"सरका बरं वहिनी."

चकाचक आत बसला. स्टिअरिंगवरची दोन बटणं त्याने दोन अंगठ्यांनी दाबून धरली. या गाडीत सगळं त्या स्क्रीनमधून चाले. हिटर तिथून, काचेवरचं धुकं घालवणं तिथून, चार्जिंगचं झाकण उघडायचं तेही तिथूनच. ती काळी म्हणजे गाडी मुकी. अंगठ्यांची नखं पांढरी पडली. मग स्क्रीनच्या मधोमध कंपनीची खूण हळूच उगवली, नकाशा आला आणि हिटरचा पंखा घरघरायला लागला.

"झालं बघा. चकाचक!" तो सवयीने म्हणाला.

"तुझं चकाचक ऐकूनच तर फसलो रे बाबा," मागून आवाज आला. तिघंही हसली. बेकरीवालीचं हसू तेवढं लवकर आटपलं.

त्याचं खरं नाव फारसं कुणाला आठवत नसे. मोठ्या काचांच्या शोरूममध्ये तो विजेच्या गाड्या विकायचा आणि प्रत्येक गोष्टीला चकाचक म्हणायचा, म्हणून लोकांनी त्यालाच ते नाव देऊन टाकलं. गिऱ्हाईक आलं की तो त्याला गाडीत बसवायचा, स्क्रीनवर बोट फिरवायला लावायचा आणि म्हणायचा, "बाकीच्या गाड्या घरी नेल्या की जुन्या व्हायला लागतात. ही रात्री झोपेत शिकते. सकाळी उठून बघा, काहीतरी नवीन आलेलं असेल." आणि काही वर्षं तसं होतही होतं. रात्रीतून कंपनीकडून काहीतरी उतरायचं आणि सकाळी लोक फोन करकरून त्याला सांगायचे, आमची गाडी आज हे करायला लागली, ते करायला लागली. त्याला ते आपल्याच पोरांचं कौतुक ऐकल्यासारखं वाटे. त्याने स्वतःही एक घेतली, बायकोचा विरोध मोडून.

मग कंपनी बसली. शोरूममध्ये गाद्यांचं दुकान आलं. रात्री उतरणारं यायचं थांबलं. नदीवर नवा पूल झाला, पण नकाशाला तो कधी कळलाच नाही. पुलावरून जाताना स्क्रीनवर गाडी पाण्यातून पोहत चालल्यासारखी दिसायची. सुरुवातीला सगळे त्यावर हसत. मग एकेक स्क्रीन मिटायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी त्यांची गाडी भंगारात दिली. वकिलांची चार्जिंगच घेईना. गाणं शिकवणाऱ्या बाईंची झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच, चाकांतून गवत उगवलं. चकाचक प्रत्येकाच्या दारी जायचा. कुणी काही मागितलेलं नसायचं. तो बटणं दाबून बघायचा, तारा काढून लावायचा, आणि काहीच चाललं नाही तर म्हणायचा, "निदान कामाचे भाग काढून नेऊ का? दुसऱ्या कुणाची तरी चालेल." काही लोक त्याला बघून रस्ता बदलत. वकील बदलत नसत. भाजीच्या रांगेत एकदा ते मोठ्याने म्हणाले, "या गृहस्थांना ओळखता ना? मला भविष्यकाळ विकून गेले." रांग खो खो हसली. चकाचकनेही हसून घेतलं आणि भाजी न घेताच घरी आला.

घरामागची शेड त्या गाड्यांच्या भागांनी भरली. बायको म्हणायची, "माझ्या माहेरचा पलंग पावसात, आणि तुमच्या गाड्यांची आतडी घरात."

असं होत होत दोनच उरल्या. त्याची आणि बेकरीवाल्यांची. त्याच्या गाडीची बॅटरी पार म्हातारी झाली होती. बाजारात जाऊन परत येईपर्यंत ती धापा टाके. घाट तिच्या बापाच्याने झाला नसता. पण तिची स्क्रीन ठणठणीत होती. बेकरीवाल्यांची गाडी त्याने विकलेली शेवटची. तिची बॅटरी अजून दमदार होती, दुखणं होतं ते डोक्याचं. हॉस्पिटलची व्हॅन होती, पण ती तिच्या सवडीने येई आणि एकेकाला गोळा करत जाई. त्या फिरण्यात बेकरीवाल्याचे हाल होत. आणि तो आजारी पडल्यापासून बेकरीच्या भट्ट्यांपैकी एकच पेटत होती. दुसऱ्या गाडीचा विचारही कुणी तोंडाने काढत नव्हतं.

थंडी पडली आणि एके सकाळी बटणं दाबून दाबून चकाचकचे अंगठे दुखायला लागले तरी ती खूण उगवली नाही. त्याने स्क्रीनला वीज देणारी छोटी बॅटरी काढून पुन्हा लावली. काही नाही. तासभर थांबला. काही नाही. बेकरीवाली घरात गेली आणि पिठाच्या ट्रकवाल्याला फोन लावू लागली. त्या दिवशी तिचा नवरा ट्रकच्या उंच सीटवर बसून गेला. त्याला वर चढवताना दोघं खालून ढकलत होती आणि तो म्हणत होता, "अरे, पोत्याला तरी कान असतात धरायला."

चकाचकच्या बायकोचा चुलतभाऊ टीव्ही दुरुस्त करायचा. स्क्रीनच्या मागचा कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर दोन दिवस उघडा पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने भाऊजींना बोलावलं.

"भाऊजी, ही गाडी स्वतःची रोजनिशी लिहिते. दार उघडलं, लिही. ब्रेक मारला, लिही. कोणी वाचत नाही, तरी लिहीत बसते. एवढ्याशा पाटीवर लिहून पुसून, लिहून पुसून पाटीच झिजली. कोपऱ्यात थोडं वाचता येतंय, बाकी साफ."

"माझ्या शेडमध्ये तीन कॉम्प्युटर पडलेत."

"ते मेलेले. आणि जिवंत असते तरी प्रत्येकाला आपली गाडी कोणती ते माहीत असतं. परक्या गाडीत घातलं तर तोंड फिरवतात. ओळख करून द्यायची ती कंपनीने, आणि कंपनी..." त्याने हात झटकले.

चकाचकने टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मग म्हणाला, "माझा जिवंत आहे."

मेव्हण्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "हिची ओळख त्या कोपऱ्यातून उचलता आली तर तुमच्या कॉम्प्युटरवर चढवून बघता येईल. पण मग तुमची पुसली जाईल. तुमची गाडी म्हणजे पत्र्याचं कपाट होईल."

"जमेल?"

"माहीत नाही. जमलं तरी टिकेल का, तेही माहीत नाही. मी टीव्हीवाला माणूस आहे, भाऊजी. उगाच तुम्हाला आशा लावणार नाही."

त्या दुपारी चकाचक आपल्या गाडीत उकिडवा होऊन स्क्रीनभोवतीची पट्टी सोडवत होता, तेव्हा बायको चहा घेऊन आली. कप तिने गाडीच्या टपावर ठेवला.

"ही पण?"

"ही पण."

तो वाट बघत होता, आता ती पलंगाचं काढेल, वकिलांचं काढेल. ती म्हणाली, "नका काढू."

त्याने वर बघितलं.

"तुम्हीच म्हणालात, भाऊला खात्री नाही. मग कशाला? रोज सकाळी खाली येऊन हिच्यात बसता. कुठे जायचं नसलं तरी बसता. मला काय दिसत नाही का? ही गेली की काय करणार आहात?"

"त्यांना मीच विकलीय ना."

"गाडी विकलीत. त्याची किडनी नाही विकलीत तुम्ही."

तो पुढचा स्क्रू काढायला लागला. वाकून तिने हात पुढे केला आणि तो एकेक स्क्रू तिच्या तळहातावर ठेवत गेला. टपावरचा चहा गार झाला.

आणि जमलं. मेव्हण्याने फोन करून नुसतं "या" म्हटलं, तेव्हाच चकाचकला त्याच्या आवाजावरून कळलं. बेकरीच्या अंगणात त्यांनी तो कॉम्प्युटर बसवला, स्क्रीन लागली, आणि बेकरीवालीची सीट आपोआप सरसर मागे गेली, चकाचकच्या लांब पायांच्या मापाने. ती पेडलपासून हातभर दूर गेली आणि ओरडली. बेकरीवाला खिडकीतून बघत होता. खोकला येईपर्यंत हसला.

त्या आठवड्यात चकाचकनेच गाडी चालवली, उगाच धोका नको म्हणून. घाटात धुकं इतकं होतं की कडेचे दगडही दिसत नव्हते, पण काच आतून कोरडी होती, हिटर उबदार वारा सोडत होता. बेकरीवाला मागे पडल्या पडल्या गुणगुणत होता. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "चकाचक, मार्चपर्यंत जरा दम धरला तर मी पुन्हा मोठी भट्टी लावणार बघ. रोज नाही. रविवारी फक्त." बेकरीवालीने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर असलं काही चकाचकने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. घरी येऊन त्याने बायकोला ते सांगितलं आणि रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

काही आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी स्क्रीनच्या तळाशी एक ओळ आली. 'गाडीची ओळख पटली नाही. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.' खाली फोन नंबर. शेजारी 'नंतर' असं बटण. ते दाबलं की ओळ जाई. दुसऱ्या दिवशी परत येई. बेकरीवालीने चकाचकला न सांगता तो नंबर लावून बघितला. पलीकडून एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, हा माझ्या घरचा नंबर आहे आता. गाडीवाल्यांनी जीव खाल्ला नुसता! माझ्याकडे कसली गाडी, मला सायकल येत नाही!" बेकरीवालीने तिची माफी मागितली.

पुढे 'नंतर' दाबलं तरी ओळ जाईना. गाडी चार्जिंग घ्यायला लागली की मध्येच सोडून देई. मेव्हणा येऊन दोनदा तपासून गेला आणि दुसऱ्यांदा त्याने हात टेकले. "तिला संशय आलाय, भाऊजी. आणि तो दूर करणारं कोणी जागेवर नाही."

"आज नको जायला," पुढच्या खेपेच्या सकाळी चकाचक म्हणाला. पण व्हॅन आली नव्हती, पिठाचा ट्रक दुसऱ्या गावाला गेला होता, आणि बेकरीवाल्याच्या पायांवर सूज चढली होती. बॅटरी भरलेली दिसत होती. जाताना काही झालं नाही. येताना घाटाच्या चढावर स्क्रीनवर कासवाचं चित्र आलं. हे चित्र आलं म्हणजे गाडी आता जोर काढून घेणार. त्याने ती कशीबशी वळणापलीकडे रुंद जागेत आणली आणि तिथे ती थांबली. हिटर थांबला. मग स्क्रीन मिटली, दिवे गेले, आणि इतकी शांतता झाली की तिघांना एकमेकांचे श्वास ऐकू आले.

"दाबा ना बटणं," बेकरीवाली म्हणाली.

त्याने दाबली. पुन्हा दाबली.

काचांवर आतून वाफ धरायला लागली. फोनला रेंज नव्हती. बेकरीवाली पुढच्या दाराची लहान खिटी ओढून बाहेर पडली आणि येणारी गाडी थांबवायला वळणावर जाऊन उभी राहिली. मागच्या दारांना खिटी नव्हती, ती विजेवर उघडत.

"चकाचक," मागून बेकरीवाला म्हणाला. डायलिसिसनंतर त्याचा आवाज कागदासारखा व्हायचा. "एक विचारू? विकताना तुला खरंच वाटत होतं का रे, जे सांगायचास ते?"

"वाटत होतं."

"हं." "तेच वाईट झालं. खोटं बोलला असतास तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो."

खालून दूधवाल्याची गाडी आली आणि थांबली. आता याला बाहेर काढायचं. चकाचकला माहीत होतं, मागच्या सीटखाली गालिच्याच्या आत एक तार असते, ती ओढली की दार सुटतं. शोरूममध्ये लोकांना तो ती मुद्दाम दाखवायचा. त्याने गालिचा फाडून हात घातला, तार सापडली, ओढली. ती गंजून गेलेली. तुटून हातात आली. दुसऱ्या दाराचीही तशीच.

शेवटी त्यांनी त्याला दोन पुढच्या सीटांच्या मधून ओढून काढलं. दूधवाला काखेत हात घालून, चकाचक मागून पाय उचलून. "त्या हाताला नको! त्या हाताला धरू नका!" बेकरीवाली ओरडत होती, कारण त्याच हाताला सुया टोचायच्या. तोवर दूधवाल्याने धरला होता. पट्टीतून रक्त शर्टावर आलं. बेकरीवाला सीटच्या मध्ये अडकला, त्याचा एक बूट निघाला, विजार खाली सरकली. त्याने एकही विनोद केला नाही. रस्त्यावर आणून बसवला तेव्हा तो दोन्ही हातांनी विजार धरून दरीकडे तोंड करून बसला, आणि बेकरीवालीने आपली ओढणी त्याच्या मांडीवर पसरली.

त्यानंतर बेकरीवाला म्हणाला, आता व्हॅन येईल तेव्हा जाऊ. व्हॅन कधी आठवड्यातून दोनदा आली, कधी एकदाच. सूज पायांवरून वर चढत गेली. थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी त्याला दोन पायऱ्या चढवेनात, आणि त्यांनी त्याला त्या शहरातल्या वॉर्डात भरती केलं ते कायमचंच. बेकरीवाली तिकडे बहिणीकडे राहायला गेली. बेकरीच्या दारावर कुलूप लागलं. घाटातली गाडी भंगारवाल्याने ओढून आणली आणि वाटेत चकाचकची पण उचलली. "काका, यांचं काही कामाचं निघेल का?" त्याने विचारलं. चकाचक म्हणाला, "नाही." शेड भरलेलीच होती. सकाळी तो खाली उतरे, रिकाम्या जागेपाशी उभा राही आणि परत वर येई. बायको त्याच्यासाठी दुसरा चहा टाके.

बेकरीवाल्याला भेटायला दोन बस बदलून जावं लागे. पहिल्यांदा गेला तेव्हा दारातल्या नर्सने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही? भाऊ?"

"नाही."

"शेजारी?"

"दोन गल्ल्या सोडून." ती थांबली होती, म्हणून तो पुढे म्हणाला, "यांना मी गाडी विकली होती."

नर्सने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "बसा. पण जास्त बोलायला लावू नका, दम लागतो."

बेकरीवाला डोळे मिटून पडला होता. त्याने डोळे उघडले, चकाचकला ओळखलं, आणि एकदम कोपरावर उठायची धडपड करायला लागला. बेकरीवालीने त्याला दाबून निजवलं, पाणी पाजलं, कानाशी काहीतरी बोलली. तो शांत व्हायला बराच वेळ लागला. चकाचक दुसऱ्या आठवड्यात गेला तेव्हाही तसंच झालं, आणि तिसऱ्यांदा गेला तेव्हा बेकरीवाली उठून त्याच्याबरोबर व्हरांड्यात आली.

"दादा, रागावू नका. आता येत जाऊ नका तुम्ही."

"मला त्रास नाही हो वहिनी. बस मिळते."

"तसं नाही." ती भिंतीकडे बघत होती. तिच्या बोटांना आता पिठाचा वास नव्हता, साबणाचा होता. "तुम्ही दिसलात की यांना वाटतं, गाडी आली. घरी चला म्हणतात. बूट कुठे आहेत विचारतात. मग रात्रभर मला तेच तेच समजवावं लागतं."

आतून बेकरीवाल्याचा आवाज आला, तो तिला हाक मारत होता. ती आत गेली. चकाचकने आणलेली संत्र्यांची पिशवी नर्सच्या टेबलाच्या कडेला ठेवली, ती कुणासाठी ते सांगितलं, आणि जिना उतरून रस्त्यावर आला. बस यायला अजून वेळ होता.